उजाडता सोमवार

२०१० च्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल मी एक दिवस उशिरा पाहिली, आणि तीही लाइव्ह समजून.

पेपरातल्या वेळापत्रकात शेवटच्या ओळीत छापलं होतं, '१२ जुलै, रात्री १२.००'. बारा जुलै म्हणजे सोमवार. सोमवारी सकाळी पेपर हातात घेतला तर स्पेन आणि हॉलंडच्या कप्तानांचे फोटो, कोण जिंकणार याचे अंदाज. म्हणजे सामना अजून व्हायचाय, आज रात्रीच. दिवसभर वाचनालयात कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही, कारण जुलैत आमच्या गावाला पावसाशिवाय दुसरा विषय नसतो. रात्री जेवून दोन तास झोप काढली, पावणेबाराला उठून चहा टाकला, टीव्ही लावला. स्पेनचे खेळाडू कप उंच धरून नाचत होते. मला वाटलं कुठलं तरी जुनं दाखवूलालेत. मग खालच्या पट्टीवर इनिएस्टा, ११६ वं मिनिट, १-० असं सरकत गेलं. सामना रविवारी रात्रीच होऊन गेला होता. रविवारचे बारा वाजले तेव्हा तारीख बारा झाली, एवढीच काय ती भानगड. बायको दारात उभी राहून म्हणाली, "सरला का सामना? लवकर सरला."

पेपरची तशी चूक नव्हती. आमच्याकडं सेलूला येणारा पेपर औरंगाबादेत छापला जातो आणि लांबच्या गावांचे गठ्ठे आधी निघावे लागतात. त्या अंकाला डाक आवृत्ती म्हणतात. शहरातल्या अंकात जी बातमी सापडते ती आमच्या अंकात दुसऱ्या दिवशी येते. रविवारी रात्री आमचं पान तयार झालं तेव्हा सामना सुरूच झाला नव्हता, म्हणून त्यांनी अंदाज छापले. मी ते सोमवारी उजेडात वाचले आणि माझ्या परीनं अर्थ लावला.

मी वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालय ब वर्गाचं, कपाटं जुनी, पंखे दोन. पुस्तकं नेणारे कमी, पेपर वाचणारे जास्त. सकाळी आठला दार उघडायच्या आधी ओट्यावर सात-आठ जण बसलेले असतात. पेपर आला की त्याची पानं सुटी होतात आणि ज्याच्या त्याच्या हातात जातात. कुणी आधी बाजारभाव बघतो, कुणी निधनवार्ता. खेळाचं पान पोरांकडून सुरू होऊन शेवटी गुरुजींकडं येतं. गुरुजी म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. ते फुटबॉल बघत नाहीत, वाचतात. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जुन्या हजेरीपटात ते प्रत्येक सामन्याचं कात्रण चिकटवतात, गोल करणाऱ्याचं नाव आणि मिनिट शेजारी स्वतःच्या अक्षरात परत लिहितात. त्यांचं म्हणणं, पेपरात आल्याशिवाय गोल झाला असं मी मानत नाही.

२०१४ चा ब्राझीलचा विश्वचषक तोंडावर आला तेव्हा २०१० चा किस्सा सगळ्या टेबलाला पाठ झाला होता. मीच सांगितला होता, आणि सांगून पस्तावलो होतो. जून उजाडला तशा पुरवण्या यायला लागल्या. ३२ संघ, ६४ सामने, आडवं पानभर वेळापत्रक. पहिल्याच दिवशी दुपारी बघतो तर त्या पानाला खिडकी पडलेली. कुणीतरी ब्लेडनं वेळापत्रक अलगद कापून नेलं होतं, मागच्या बाजूची मंगल कार्यालयाची जाहिरात अर्धी झाली होती. वाचनालयाचा पेपर कापणं म्हणजे आमच्याकडं देवळातली समई नेण्यासारखं. मी फळ्यावर खडूनं दोन ओळी लिहिल्या. चोर वाचक असल्यामुळं त्यानं त्या वाचल्या असणार, पण पान काही परत आलं नाही.

मग ठरलं की आपणच एक तक्ता करून भिंतीला लावायचा. कार्डशीट आणली, दोन रंगांचे स्केचपेन आणले. बाकीच्या दोन पेपरांतली वेळापत्रकं आणि अंकाच्या एजंटाकडून मागून आणलेलं तिसरं, अशी टेबलावर पसरली. काम तासाभराचं वाटलं होतं. लागले तीन दिवस.

पहिल्या ओळीवरच गाडी अडली. ब्राझील विरुद्ध क्रोएशिया. एका पेपरात '१२ जून, रात्री १.३०'. दुसऱ्यात '१३ जून, पहाटे १.३०'. तिसऱ्यात 'गुरुवारी मध्यरात्रीनंतर'. पहिल्यानं तारीख ब्राझीलची ठेवून वेळ तेवढी भारताची केली होती. साओ पावलोत संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडं रात्रीचा दीड, आणि तोवर इथली तारीख बदललेली. आता '१२ जून, रात्री १.३०' हे वाचून एक माणूस बुधवारी रात्री जागेल आणि दुसरा गुरुवारी रात्री. आणि '१३ जून, पहाटे' वाचणारा तिसरा शुक्रवारी रात्री टीव्हीसमोर बसेल. मी तो तिसरा माणूस. मला माहितीये.

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि पंचांग मागवलं. आम्हाला वाटलं आता मुहूर्त काढतात की काय. ते म्हणाले, "घोळ कुठं होतोय सांगू का? इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. आपला वार सूर्य उगवल्यावर बदलतो. माणूस निजून उठला नाही तोवर त्याच्यासाठी कालचाच दिवस चालू असतो. पेपरवाले घड्याळानं छापतात आन् तुमी झोपेनं वाचता."

म्हणून तक्त्यातून तारीखच काढून टाकायची असं ठरलं. पहिला रकाना 'कोणती रात्र', दुसरा 'वाजता', तिसरा 'उजाडता वार'. गुरुवारची रात्र, दीड वाजता, उजाडता शुक्रवार. असं लिहिल्यावर माझ्यासारख्यालाही चुकायला जागा उरत नाही. फक्त दीडला रात्र म्हणायचं की पहाट, यावर एक पूर्ण सकाळ गेली. पोलीस भरतीची तयारी करणारं एक पोरगं रोज पाचला पळायला जायचं, त्याच्या मते तीनपासून पहाट. गुरुजींनी निकाल दिला, "काकड आरती होत नाही तोवर पहाट नाही." म्हणून साडेतीनचे सामने रात्रीत गेले. पोरगं नाराज झालं, पण साडेतीनचा सामना बघून सव्वापाच-साडेपाचला तसंच पळायला निघायचं, हा त्याचा बेत पक्का होता. महिनाभर त्यानं तो पाळला, आणि भर दिवसा बूट घालून वाचनालयाच्या बाकावर झोपलेला सापडायला लागला.

एक सामना मात्र गुरुजींच्या नियमालाही पुरून उरला. आयव्हरी कोस्ट विरुद्ध जपान. तो रेसिफे शहरात रात्री दहाला, म्हणजे आपल्याकडं रविवारी, १५ जूनला, सकाळी साडेसहाला. सूर्य उगवलेला, म्हणजे वार बदललेला. तेवढ्या एका ओळीत 'कोणती रात्र' या रकान्यात मी 'रात्र नाही' असं लिहिलं. त्या ओळीवर लोक हसायचे. पण ज्यांनी तो सामना पाहिला त्यांनी आंघोळीच्या आधी पाहिला आणि त्या महिन्यात तेवढा एकच सामना घरच्यांची बोलणी न खाता पाहिला.

तक्ता भिंतीला लागला तसं कळलं की पेपर वाचणाऱ्या माणसाचे किती प्रकारचे बेत असतात. मुक्कामी गाडीवरचे एक कंडक्टर मामा रोज रात्री कुठल्या तरी खेड्यात गाडीतच झोपायचे. त्यांनी वहीत उतरवून घेतलं, कुठल्या रात्री आपली गाडी कुठं मुक्कामी आहे आणि तिथल्या कुठल्या हॉटेलात टीव्ही आहे. उपउपांत्य फेरीच्या रात्री त्यांनी दुसऱ्या कंडक्टरशी ड्युटी बदलून घेतली, आणि बदल्यात त्याला दिवाळीतले दोन दिवस देऊन बसले.

एक शेतकरी काका यायचे, मोंढ्यात काम असलं की. त्यांच्या खिशात आधीच एक वेळापत्रक होतं, शेतीच्या लाईटीचं. मोटारीला आठवड्यातले काही दिवस दिवसा लाईट, काही दिवस रात्री. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि ज्या रात्री लाईट रात्रीची त्याच रात्रीच्या सामन्यांवर टिकमार्क केली. "तसंबी जागंच राहायचंय," म्हणाले. त्या जूनमध्ये पावसानं दडी मारली होती. मृग कोरडा गेला होता, धूळपेरणीची कपाशी ठिबकवर कशीबशी तग धरून होती. ते बांधावर बसायचे आणि गोल झाला की त्यांचा पुतण्या गावातून मोबाईलवर मिस कॉल द्यायचा. एक मिस कॉल ठरलेल्या संघाचा, दोन मिस कॉल समोरच्याचा. स्पेन-हॉलंडच्या सामन्यात आधी एक मिस कॉल आला आणि मग लागोपाठ दोन-दोनच यायला लागले. जगज्जेता स्पेन ५-१ नं हरला होता. काका म्हणाले, मला वाटलं पुतण्याच्या फोनचं बटन अडकलं.

खरी तयारी होती ती शेजारच्या टेलर चाचांची. वाचनालयाला लागून त्यांचं दुकान, दोन मशीन, कोपऱ्यात पोर्टेबल टीव्ही. चाचा ब्राझीलचे. १९८६ ला मेक्सिकोत फ्रान्सविरुद्ध झिकोची पेनल्टी हुकली ती त्यांनी पाहिली होती आणि तेव्हापासून ते त्या संघाला चिकटले. जिंकणाऱ्याच्या मागं कुणीही लागतं, हरताना पाहिलेला संघ सुटत नाही, असं माझंही मत आहे. चाचांनी तक्त्यासमोर उभं राहून नुसती दुसऱ्या फेरीपासूनची पानं बघितली. म्हणाले, "भाऊ, रमजान तीस जूनला लागतोय. दुसरी फेरी अठ्ठावीसला. पुढचं सगळं मपल्या हिशोबात बसतंय."

हिशोब असा की रमजानात टेलरला झोप नसते. ईदचे कपडे, शेवटच्या पंधरा दिवसांत तर रात्रभर मशीन चालू. दीडचा सामना तीन-सव्वातीनला संपायचा, आणि सहरीची वेळ संपायची सव्वाचारच्या आसपास. सामना संपला की घरी जाऊन सहरी करायची, नमाज पढून झोपायचं. आख्ख्या गावात रात्री दीडला उघडं असणारं आणि टीव्ही असणारं हे एकच दुकान. मी माझ्या तक्त्यावर चाचांच्या दुकानासाठी एक छोटी खूण ठरवली, कात्रीची. ज्या सामन्यापुढं कात्री, तो तिथं.

बाद फेरीच्या रकान्यांत आधी संघांची नावं नसतात, 'अ१ विरुद्ध ब२' असं असतं. ते काय हे गुरुजींनी सगळ्यांना बीजगणितासारखं समजावलं. क्ष सापडला की लिहायचा. मी त्या जागा पेन्सिलनं ठेवल्या होत्या. अ१ म्हणजे ब्राझील हे चाचांनी स्वतः येऊन लिहिलं, गट संपायच्या आधीच. ब२ चिली निघाला. तो सामना साडेनऊचा होता, पेनल्टीवर ब्राझील सुटलं. पुढं कोलंबियाला हरवलं, पण नेमार पाठीला मार लागून बाहेर गेला आणि कप्तान थियागो सिल्वा पिवळ्या कार्डामुळं पुढच्या सामन्यातून बाद. उपांत्य सामन्याच्या ओळीत मी जर्मनी लिहिलं: मंगळवारची रात्र, दीड वाजता, उजाडता बुधवार. गुरुजी शेजारी उभे होते. त्यांनी पेन्सिल घेतली आणि 'बुधवार' पुढं बारीक अक्षरात लिहिलं, 'आषाढी एकादशी'.

त्या रात्री दुकानात आम्ही सहा जण. चाचा एका पठाणी कुडत्याला काज करून बटणं लावत होते आणि दुसऱ्या मशीनवर त्यांचा पुतण्या पायजम्याच्या शिवणी मारत होता. ११ व्या मिनिटाला म्युलरचा गोल झाला, चाचा म्हणाले काही नाही, अजून वेळ आहे. मग खालची बॉबिन संपली. चाचांनी ती काढली, रिळाचा दोरा लावला, भरायला बसवली, पायानं मशीन हाणलं. बॉबिन भरायला किती वेळ लागतो? त्यांची मान खाली असताना क्लोझेनं २३ व्या मिनिटाला मारला. पुतण्या ओरडला तशी चाचांनी मान वर केली, तोवर क्रूसचा. बॉबिन परत बसवेपर्यंत क्रूसचा अजून एक. दोरा सुईत ओवताना खेदिराचा, २९ वं मिनिट. चाचा टीव्हीकडं बघत म्हणाले, "अरे ये तो रिपीट बता रें."

कुणीच काही बोललं नाही. रिपीट नव्हतं. कोपऱ्यात ०-५ लिहिलेलं होतं.

मध्यंतराला मी निघून जावं असं वाटलं. पण चाचा उठले नाहीत, मशीन चालूच राहिलं. दुसऱ्या सत्रात शुर्लेचे दोन झाले तेव्हा ते मान वर न करता फक्त आकडा विचारायचे. शेवटी ऑस्करनं एक फेडला. चाचांनी तोवर पाच कुडत्यांना बटणं लावून संपवली होती. एका कुडत्याला बटणं उलट्या बाजूला लागली होती, ती त्यांनी दुसऱ्या दिवशी उसवली. सामना संपला, त्यांनी टीव्हीवर कापड टाकलं आणि सहरीला घरी गेले.

मी घरी पोचलो तर बायको जागी होती, साबुदाणा भिजत घालून. टीव्हीवर पंढरपूरची महापूजा दाखवत होते. चंद्रभागेच्या काठावर माणसांचा समुद्र, इकडं बेलो होरिझोंतेच्या स्टेडियममध्ये रडणारी पिवळ्या शर्टातली माणसं, दोन्ही एकाच पहाटेत. मी आंघोळ करून तसाच बसलो. तिनं विचारलं, कोण जिंकलं? मी म्हणालो, विठ्ठल.

सकाळचा पेपर अर्थातच आदल्या रात्रीचा. वारीच्या गर्दीचा फोटो पहिल्या पानावर, आत 'ब्राझीलची आज जर्मनीशी गाठ'. गुरुजी आठला आले. त्यांचा नियम सगळ्यांना माहीत होता, पेपरात येईपर्यंत निकाल सांगायचा नाही. एकादशीचा उपास आणि हा उपास, दोन्ही त्यांनी त्या दिवशी पाळले. टेबलावर कुणी तोंड उघडलं नाही. पण चाचांचं दुकान दुपारपर्यंत बंद होतं, आणि गुरुजी माझ्याकडं बघून म्हणाले, "तुपलं तोंड सांगूलालंय. काय तरी वंगाळ झालंय."

गुरुवारी, दहा तारखेला, निकाल छापून आला. गुरुजींनी पान घेतलं, कात्री घेतली, आणि थांबले. चष्मा पुसला. "मुद्राराक्षस," ते म्हणाले. "दोनाच्या जागी सात पडलाय. खिळा चुकला असंल." पेपर खिळे जुळवून छापायचे बंद होऊन जमाना झाला, पण गुरुजींच्या डोक्यात छापखाना तोच. मी दुसरा पेपर पुढं केला. त्यातही सात. तिसरा. मग त्यांनी खाली गोल करणाऱ्यांची नावं बोटांवर मोजली, म्युलर, क्लोझे, क्रूस दोनदा, खेदिरा, शुर्ले दोनदा. सात भरले. तरी त्यांनी हजेरीपटात कात्रणाशेजारी लिहिलं, 'तीन पेपरांत पडताळून पाहिले'. ते पान मी अजून दाखवू शकतो.

फायनलला दुकानात अकरा जण होते. कंडक्टर मामा, शेतकरी काका, पळणारं पोरगं, सगळे. रविवारची रात्र, साडेबारा, उजाडता सोमवार. एकही माणूस चुकीच्या रात्री आला नाही. मी दाराशी बसून मनात हजेरी घेत होतो. चाचा टीव्हीकडं पाठ करून शिवत होते. ११३ व्या मिनिटाला गोट्झेनं छातीवर घेऊन मारला तेव्हा आवाज ऐकून ते एवढंच म्हणाले, "निदान ज्याच्याकडून हरलो तो तरी जिंकला." सोमवारी पेपरात पुन्हा अंदाजच होते. मी त्या पानाची घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली, २०१० च्या पानावर.

२०१८ ला रशियात सगळं सोपं होतं. बरेचसे सामने संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेआठ, साडेअकरा. तक्ता केला, पण त्याकडं कुणी फारसं बघितलं नाही. ज्याला त्याला स्वतःच्या फोनवर वेळ दिसायची. २०२२ ला तर कतारची वेळ आपल्यापेक्षा जेमतेम अडीच तास मागं, आणि स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात. अर्जेंटिना-सौदी अरेबियाचा सामना दुपारी साडेतीनला, चाचांचा टीव्ही बिघडलेला, म्हणून दुकानातल्या काउंटरवर एका फोनमागं सात डोकी. सौदी २-१ नं जिंकलं. त्या दिवशी आमच्या गल्लीत मेस्सीला जेवढा सल्ला मिळाला तेवढा त्याच्या प्रशिक्षकानंही दिला नसेल. पुढं तो फायनल जिंकला तेव्हा सल्ला देणारे सगळे म्हणाले, ऐकलं बघा त्यानं.

गुरुजी तोवर मुलाकडं पुण्याला गेले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण बारीक अक्षर लागत नाही. नात पेपर वाचून दाखवते. हजेरीपट जाताना माझ्याकडं सोडून गेले, त्यात कात्रणं आता मी चिकटवतो.

आता २०२६ चा तक्ता काढायला घेतलाय, आणि हा काही सरळ नाही. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको, १६ शहरं, ४८ संघ, १०४ सामने. एका कार्डशीटवर मावत नाहीत, दोन जोडल्यात. पहिली ओळ, मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका, अझ्तेका स्टेडियम: गुरुवार ११ जूनची रात्र, साडेबारा, उजाडता शुक्रवार. चाचा म्हणाले, मेक्सिको मनहूस आहे. मी आठवण करून दिली की १९७० ला ब्राझील तिथंच जिंकलं होतं. ते म्हणाले, ते मी कुठं पाहिलं?

यंदा 'रात्र नाही' ही ओळ एकटी राहिलेली नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळ म्हणजे आपल्याकडं सकाळ. लॉस एंजेलिसचा अमेरिका-पॅराग्वे सामना शनिवारी, १३ जूनला, सकाळी साडेसहाला. असे बरेच. २०१४ ला ज्या ओळीवर हसलो ती आता वेगळ्या रंगानं लिहावी लागतेय. आणि जून अर्धा होईपर्यंत अधिक महिना. आमच्या टेबलावरचं एक नवं लग्न झालेलं पोरगं तक्ता बघून गेलं आणि सासरी धोंडे जेवायला बरोबर अकरा तारखेला जायचं ठरवून आलं. सासऱ्याकडं मोठा टीव्ही आहे. धोंड्याला जावयाला नाही म्हणता येत नाही, हे त्यानं नीट हेरलंय.

परवा गुरुजींना फोन करून तक्ता ओळ-ओळ वाचून दाखवला. गटांचे ७२ सामने शांतपणे ऐकले. मग मी म्हणालो, बाद फेरीत आता ३२ संघ, बारा गटांतले पहिले दोन आणि तिसऱ्या नंबरातले चांगले आठ. ते तिसरे कुणाशी खेळणार, हे कुठले आठ येतात त्यावर ठरणार. गुरुजी गप्प झाले. मला वाटलं फोन कटला. मग पलीकडून आकडेमोड ऐकू आली. "बारातून आठ म्हणजे बारातून चारच. बारा गुणिले अकरा गुणिले दहा गुणिले नऊ, भागिले चोवीस. चारशे पंच्याण्णव." थोडं थांबून म्हणाले, "चारशे पंच्याण्णव तऱ्हा झाल्या. तेवढ्या लिहिशील का भिंतीवर?"

मी म्हणालो, त्या आठ जागा पेन्सिलनं रिकाम्या ठेवल्यात.

"रुंद ठेव. नावं मोठी असतात. आन् फायनल?"

"रविवार १९ जुलैची रात्र, साडेबारा, उजाडता सोमवार. लाल शाईनं."

"आषाढी कधीये?"

"पंचवीसला. अधिक महिन्यामुळं पुढं गेली."

"बरं झालं. चिकटवलं कशानं? मागच्या वेळी खळीनं चिकटवलं तर कोपरा उंदरांनी खाल्ला होता. तिसऱ्या नंबरचा सामनाच गेला."

"फेविकॉल."

"मग ठीके," म्हणाले आणि नातीला हाक मारली, फोन बंद करायला.